सहा बाटल्यांची पंगत

डोळ्यांच्या औषधाची चाचणी घ्यायचं काम माझ्याकडे आलं ते निव्वळ माझ्या अक्षरामुळे. मी काही डॉक्टर नव्हे. आचऱ्याच्या मराठी शाळेत चौथीला शिकवणारा मास्तर. पण माझं अक्षर असं की गावचे तलाठीसुद्धा महत्त्वाचा कागद लिहायचा झाला की मला बोलावून नेत, आणि लिहून झाला की चहा न पाजता परत पाठवत. अक्षरावर गर्व करू नये असं मी मुलांना सांगत असे. स्वतःला सांगायचं राहून गेलं.

सत्तावन्न सालच्या कार्तिकात मुंबईचे एक डॉक्टर मालवणात डोळ्यांचं शिबिर घेऊन आले, तेव्हा मी माझ्या बायकोला, जानकीला, तिथे घेऊन गेलो. दोन वर्षं तिच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं. सकाळी उठल्यावर पापण्या बोटांनी सोडवाव्या लागत. चुलीचा धूर, दर्यावरचं वारं, खळ्यातलं ऊन, सगळ्यांशी तिचं वैर झालं होतं. आणि डोळ्याला पाणी म्हणून नाही. तिची आई वारली तेव्हा ती माहेरच्या पडवीत कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली, आणि बायका आपसांत बोलल्या की मुलगी मनाची घट्ट आहे. जानकीने ते ऐकलं. घरी परत आल्यावर दोन दिवस ती धड जेवली नाही.

तोवर शेजाऱ्यांचे सगळे उपाय करून झाले होते. तगरीच्या फुलांचं पाणी झालं, गुलाबपाणी झालं, पहिलटकरणीचं दूध झालं. ते मागायला मला स्वतःला एका माजी विद्यार्थ्याच्या घरी जावं लागलं, आणि तो प्रसंग मी इथे सांगणार नाही. शेजारच्या राधाबाई विधवा, जिभेच्या तिखट, आणि त्यांचेही डोळे तसेच कोरडे. त्यांनी कांदे चिरायला सांगितलं. जानकीने शेरभर कांदे चिरले. डोळ्याला पाणी आलं नाही, पण दोन दिवस घरात कांद्याची भजी मात्र झाली.

डॉक्टरांनी तिच्या खालच्या पापणीत कागदाची एक चिंचोळी पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं घड्याळ बघत बसले. मग पट्टी काढून मला बाजूला नेलं. म्हणाले, पट्टी जवळजवळ कोरडी आहे. असंच राहिलं तर बुबुळावर फूल पडेल, आणि एकदा फूल पडलं की नजर गेली. ते हे अगदी हळू आवाजात बोलले. जानकी बाकावर बसून आमच्याकडे बघत होती.

त्यांच्याकडे एक नवीन औषध होतं, थेंब टाकायचं. पण ते खरंच गुणकारी आहे की नाही हे ठरायचं होतं. त्यासाठी सहा रोगी निवडायचे, तिघांना औषध द्यायचं आणि तिघांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाच्या बाटलीत काय आहे ते रोग्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही, खुद्द डॉक्टरांनाही नाही. ती यादी मुंबईत एका पाकिटात बंद. मिठाचं पाणी कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की माणसाला औषध मिळालं एवढ्यानेच निम्मं बरं वाटतं, ते वजा करायला हवं. ही वजाबाकी मला एकदम पटली. औषध खरं ठरलं तर सहाही जणांना लागेल तितके दिवस ते पुरवणार होते. नाही ठरलं तर कारखाना ते बनवायचं बंद करणार होता.

सहा जण आमच्याच गावात मिळाले. जानकी, राधाबाई, भात्यापुढे बसून डोळे भाजून घेतलेला लवू लोहार, होडीवरचा धोंडू, आणि वरच्या वाडीतले दोघे, ज्यांनी शेवटपर्यंत कधी कसली तक्रार केली नाही म्हणून त्यांची नावं माझ्या लक्षात राहिली नाहीत. शिबिराच्या फॉर्मवरचं माझं अक्षर बघून डॉक्टर म्हणाले, मास्तर, वही तुम्ही ठेवायची.

मी दोनशे पानी वही आणली, तांबड्या शाईने रेघा आखल्या आणि वर टाक वळवून लिहिलं, 'नेत्रबिंदू संशोधन नोंदवही, आचरे केंद्र'. दुसरं केंद्र कुठेच नव्हतं, पण असतं तर गोंधळ नको.

पहिली अडचण आली ती फूटपट्टीची. दर रविवारी कागदी पट्टी किती भिजली ते मिलिमीटरमध्ये मोजायचं होतं, आणि गावात मिलिमीटर असलेली फूटपट्टी एकच, शाळेच्या कपाटात. ती डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायम सामानाच्या नोंदीला, लागलेली. डेडस्टॉकची वस्तू शाळेबाहेर न्यायची तर मालवणहून मंजुरी हवी, असं हेडमास्तर म्हणाले. मी अर्ज केला. अर्जाला उत्तर आलं की फूटपट्टी कोणत्या शैक्षणिक कारणासाठी हवी ते कळवावे. अखेर मी सहाही रोगी दर रविवारी शाळेत न्यायला लागलो, कारण बाहेर पडायला मनाई फूटपट्टीला होती, आत यायला रोग्यांना नव्हती.

दुसरी अडचण बाटल्यांची. मुंबईहून निघालेलं पार्सल घाटाखालच्या नाक्यावर अडकलं. दारूबंदीचे दिवस होते. पलीकडे गोव्यात पोर्तुगीज आणि त्यांची दारू, अलीकडे आम्ही आणि आमचे जमादार. सहा बाटल्या, आत पाण्यासारखं काहीतरी, वर नुसते एकेका रोग्याला दिलेले आकडे. जमादारांना याहून जास्त पुरावा नको होता. मी एस.टी.ने नाक्यावर गेलो, डॉक्टरांचं पत्र दाखवलं. ते इंग्रजीत होतं, त्यामुळे संशय आणखी वाढला. शेवटी जमादारांनी कर्तव्य म्हणून प्रत्येक बाटलीतला थेंब बोटावर घेऊन चाखला आणि पंचनामा सांगितला. लिहायला अर्थातच मी. 'बाटली क्रमांक एक, दोन व चार यांतील द्रव चाखला असता बुळबुळीत व बेचव लागला. क्रमांक तीन, पाच व सहा यांतील द्रव खारट लागला. दारूचा अंश आढळला नाही.' खाली दोन पंचांच्या सह्या, आणि एक प्रत मला.

मुंबईत पाकिटात बंद असलेली यादी मी अशी स्वतःच्या सुंदर अक्षरात खिशात घालून घरी आणली. हे डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायला हवं होतं. मी कळवलं की किरकोळ विलंबाने पार्सल पोचलं. कळवलं असतं तर काम माझ्याकडून गेलं असतं, आणि वहीवर नाव घालून झालं होतं.

पंचनामा मी कोणाला दाखवला नाही. पण दोन पंचांपैकी एक आचऱ्याला बाळा वाण्याच्या दुकानी सामान घ्यायला येत असे. थेंब सुरू होऊन पहिल्या रविवारी पट्ट्या मोजून झाल्या, आणि सोमवारी तो आला. संध्याकाळपर्यंत गावाला ठाऊक झालं की मास्तरीणबाईंची एक नंबरची बाटली औषधाची आणि राधाबाईंची तीन नंबरची मिठाची. राधाबाई आमच्या खळ्यात येऊन उभ्या राहिल्या, मागोमाग बाकीचे रोगीही. आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"मास्तरानू, तुमच्या बायलेक औषध आणि माका मिठाचा पाणी. हो खंयचो न्याय?"

मी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. पाऊण तास सांगितलं. वजाबाकी खडूने पडवीतल्या जमिनीवर काढून दाखवली. लवू लोहाराने शांतपणे विचारलं की हे ठरवलं कोणी. मी म्हटलं, मुंबईतल्या पाकिटाने. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर चौथीतल्या पोरांनीही माझ्याकडे कधी टाकली नव्हती. इतकी वर्षं गावात नाक वर करून राहिलो, आणि बायकोसाठी बाटली चोरणारा ठरलो. मी रागाने दोन दिवस कोणाशी बोललो नाही. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. राधाबाईंनी गुरवाकडून देवळात कौल लावून घेतला. देवाला लावलेला फुलाचा कळा उजवीकडून पडला की डावीकडून, म्हणजे होय की नाही, यावर गुरव आणि राधाबाई यांचं आजतागायत जमलेलं नाही.

जानकी हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. ती लहानपणी माहेरी देवळाच्या समाराधनेला वाढायला जायची. तिच्या वडिलांचा दंडक असा की पंगतीत बसलेला कोणीही असो, पानात सगळ्यांना सारखं. हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी आठवलं मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे रोगी गुपचूप आले, ओळीने बसले, आणि थेंब घालून घेऊन गेले. राधाबाई तर जाताना जानकीच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. माझ्या पाऊण तासाच्या व्याख्यानाचा हा परिणाम, असं मी समजलो. बाटल्या आमच्याच फडताळात असत आणि थेंब जानकी घाली. मी फक्त लिही.

पुढचे तीन महिने वही अशी भरली की बघणाऱ्याने बघत राहावं. डॉक्टरांच्या तक्त्यात 'दहापैकी किती बरे वाटते' असा रकाना होता. आमच्याकडे दहापैकी कोणालाच बरं वाटत नसे, सोळा आण्यांपैकी वाटे. लवू म्हणे आठ आणे. धोंडू म्हणे आठ आणे, पण वारं असलं तर सात. मी त्याचं दशमानात रूपांतर करी. कागदी पट्ट्याही सगळ्यांच्या सारख्याच भिजत, चार मिलिमीटर, पाच मिलिमीटर. जानकीची पट्टी पहिल्या रविवारी चांगली आठ मिलिमीटर भिजली होती, मग पाचावर येऊन थांबली. मी ते लिहून घेतलं. विचारलं नाही.

फाल्गुनात डॉक्टरांचं पत्र आलं. मी ते पडवीत सहाही जणांना बसवून वाचलं. त्यात लिहिलं होतं की वही आदर्श आहे, असं टिपण त्यांनी मोठ्या इस्पितळातही पाहिलं नाही. पाकीट उघडून ताळा घेतला, तर औषधवाल्यांत आणि मीठपाणीवाल्यांत काही फरक नाही. सबब औषध निरुपयोगी. कारखान्याला तसं कळवलं आहे. रोग्यांनी उकळून गार केलेलं मिठाचं पाणी घातलं तरी पुरे. समुद्र दारात असताना मुंबईहून पाणी मागवणारा म्हणून बाळाच्या दुकानी माझी बरीच थट्टा झाली. मला तिचं काही वाटलं नाही. मी 'आदर्श' हा शब्द पुन्हा पुन्हा वाचत होतो.

त्या संध्याकाळी जानकी मागल्या दारी तांदूळ पाखडत होती. सूप खाली न ठेवताच ती म्हणाली,

"बाटल्यो मी एक केलंय."

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. राधाबाई खळ्यात येऊन बोलल्या त्याच दिवशी तिने कल्हईचं पातेलं उकळत्या पाण्याने धुतलं, सहाही बाटल्या त्यात ओतल्या, ढवळल्या आणि दिव्यात तेल घालायच्या नरसाळ्याने परत भरल्या. पुढच्या दोन्ही महिन्यांच्या बाटल्याही तशाच. हे पाचही रोग्यांना ठाऊक होतं. बाळाला ठाऊक होतं. गुरवाला ठाऊक होतं. गावात ठाऊक नसलेला माणूस एकच, ज्याने वही ठेवली होती.

"तुझे डोळे बरे होत होते ना?" मी विचारलं.

"होय," ती म्हणाली. "पण एका पंगतीत एकाक शिरो नि एकाक पेज, असा माज्या हातान होवचा नाय."

इथे मला सरळ सांगायला हवं. तिच्या डोळ्यांचा विचार माझ्या मनात पहिला आला नाही. पहिला आला तो वहीचा. शाळेत शनिवारी माझा सत्कार ठरला होता. शाल, नारळ, हेडमास्तरांचं भाषण. मी स्वतःची समजूत घातली की आठ दिवसांनी काय बिघडतं. सत्कार झाला. मग सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी कसं लिहायचं, म्हणून थांबलो. मग परीक्षा आल्या. असे एकोणीस दिवस गेले. ते एकोणीस दिवस माझे आहेत, जानकीचे नाहीत. तिने पातेल्यात सहा बाटल्या ओतल्या त्या दुसऱ्यांसाठी. मी थांबलो तो शालीसाठी.

विसाव्या दिवशी मी सगळं लिहिलं. पंचनाम्याची नक्कलही जोडली. पण डॉक्टर तोवर परदेशी परिषदेला निघून गेले होते, बहुधा आमच्याच वहीतले आकडे घेऊन. चैत्रातलं वारं सुटलं होतं. जानकी डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणे मिठाचं पाणी घालत होती. एका सकाळी ती म्हणाली की तुळशीपुढचा दिवा धुक्यात ठेवल्यासारखा दिसतो. मी तिला उजेडात नेऊन पाहिलं. उजव्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढं पांढरं होतं.

वैशाखाच्या शेवटी डॉक्टरांचं उत्तर आलं, तसा मी तिला घेऊन बोटीने मुंबईला गेलो. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जानकीचे डोळे त्यांनी फार वेळ तपासले, आणि तिच्या नावाच्या औषधाच्या चार बाटल्या माझ्या हातात दिल्या. उजवा गेला आहे, डावा वाचवायचा प्रयत्न करू, असं म्हणाले. मग त्यांनी कारखान्याला थांबायला लिहिलं आणि बाकीच्या पाच जणांवर चाचणी पुन्हा घ्यायची ठरवली. मला वाटलं, आता वही दुसऱ्याकडे जाणार. त्यांनी ती माझ्यापुढेच ठेवली. म्हणाले, "आता तुमच्याइतकं सांभाळून दुसरं कोणी लिहिणार नाही, मास्तर."

दुसऱ्या खेपेला बाटल्या माझ्या ट्रंकेत कुलपात राहिल्या. नाक्यावरच्या जमादारांना मी आधीच जाऊन हात जोडले. थेंब मी घाली. पाचही रोगी मुकाट्याने येत. राधाबाईंनी एकदाही विचारलं नाही की माझ्या बाटलीत काय. थेंब घालताना त्या डोळा मिटत, आणि मग जानकीजवळ जाऊन बसत.

जानकीच्या डोळ्यात औषध मी दिवसातून सहा वेळा घातलं. शाळेतून धावत येऊन घातलं. मधल्या सुट्टीत मास्तर धोतर सावरत पळतो हे बघायला पोरं कुंपणाशी उभी राहत. श्रावणात डाव्या डोळ्यावरही फूल आलं. तिनेच मला सांगितलं की आता थांबा. ट्रंकेत तिच्या दोन बाटल्या न फोडता राहिल्या.

आश्विनात निकाल आला. औषध गुणकारी आहे. तिघांना औषध होतं, त्यांना स्पष्ट उतार. दोघांना मिठाचं पाणी होतं, त्यांना काही नाही. आता सगळ्यांना औषध मिळेल, कारखान्याचा माल निघायला महिना-दीड महिना लागेल. पत्रात वहीबद्दल काही लिहिलं नव्हतं. मी जानकीला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

"मिठाचा पाणी कोणाक होता?" तिने विचारलं.

राधाबाईंना आणि वरच्या वाडीतल्या एकाला, मी म्हटलं.

तिने ट्रंक कुठे आहे ते चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "माज्यो दोन बाटल्यो आसत. त्या दोघांका दिया."

वरच्या वाडीतल्या त्या गृहस्थाने बाटली घेतली, नमस्कार केला आणि नेहमीप्रमाणे काही म्हटलं नाही. राधाबाई बाटली घरी न्यायला तयार होईनात. ती इथेच राहू द्या, मी येईन, असं म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी त्या आमच्या पडवीत येतात. थेंब मी घालतो. मग त्या जानकीच्या शेजारी भिंतीला टेकून बसतात.

पंधराएक दिवसांनी एकदा त्या बसल्या बसल्या म्हणाल्या की आता वाळू खुपत नाही, लांबचं नीट दिसतं. म्हणाल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत राधाबाईंना बोललेल्या शब्दाचा पस्तावा झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

जानकीने त्यांचा हात चाचपून धरला. "बरा झाला गो," ती म्हणाली. "काय काय दिसता, ता माका सांग."

राधाबाई सांगायला लागल्या. खळ्यात भात वाळत घातलंय. सोनचाफ्याखाली कोंबडी बसलीय, तिचं एक पीस मोडलंय. दगडी गडग्यापलीकडून धोंडू जातोय, खांद्यावर जाळं आहे. लवूच्या भट्टीतून धूर निघतोय, म्हणजे आज त्याला काम आहे. माडाच्या झावळ्या हलताहेत, वारं खालचं आहे. जानकी एकेक ऐकून मान हलवत होती. मधेच तिने कोंबडीचं कुठलं पीस ते परत विचारलं.

मी खांबाला टेकून वही मांडीवर घेऊन बसलो होतो. त्या दिवशी लिहायचं काही नव्हतं.

"आणि मास्तर काय करतत?" जानकीने विचारलं.

राधाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. पण राधाबाई त्या राधाबाई.

"दाढी करूक नाय," त्या म्हणाल्या. "वही घेवन बसलेत. रडतत."

जानकीने माझ्या दिशेने तोंड केलं.

"रडांदेत," ती म्हणाली. "त्येंचे डोळे बरे आसत."